डासांचे गाणे

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. त्याची निबंधाची वही जूनमध्ये शंभर पानांची असते आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती साठ पानांवर येते. तो पहिले वाक्य लिहितो, ते वाचतो, ओठ दुमडतो आणि पान फाडतो. फाडतो तेही रागाने नव्हे. पट्टी लावून, शिवणीपासून, अगदी नीट. एक पान फाडले की शिवणीच्या पलीकडचे त्याचे जोडपान आपोआप सुटते, आणि अशा रीतीने कोरी पानेही लिहिलेल्या पानांच्या पापाने जातात. एकदा मी त्याला रागावलो. म्हटले, "अरे, कागद काय झाडाला लागतो?" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "सर, झाडाचाच तर होतो!" वर्ग हसला, मीही हसलो, आणि विषय तेवढ्यावर राहिला.

खरे सांगायचे तर त्याला पुढे बोलण्याचे तोंड मला नव्हते. घरी माझ्या कपाटात, धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात बांधलेले एक बाड आहे. ती माझी दुसरी कादंबरी. 1982च्या गिरणी संपात घर सावरणाऱ्या एका बाईची, इंदूची, ती गोष्ट आहे. किंबहुना असायची आहे. तिचे पहिले प्रकरण मी एकोणीस वेळा लिहिले. त्यातले बारावे लेखन मी एका प्रकाशकाकडे नमुन्यादाखल पाठवले होते. दोन महिन्यांनी ते परत आले आणि सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ होती: "अभ्यास दिसतो, लेखक दिसत नाही." लिहिणाऱ्याचे नाव सांगत नाही, आणि त्याच्यावर माझा रागही नाही; वाक्य चांगले होते. इतके चांगले, की त्यानंतरची सात लेखने मी त्या वाक्याला समोर बसवून केली. तेराव्यात अभ्यास लपवला. चौदाव्यात लेखक दाखवला. सोळाव्यात दोन्ही गेले.

आपल्याकडे तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्याची कथा घरोघर सांगतात. ऐकताना आपल्याला त्या बुडवायला लावणाऱ्यांची चीड येते. परंतु लिहिणाऱ्या माणसाच्या घरी त्या कामाला बाहेरचे कोणी लागत नाही. रशियाचा गोगोल घ्या. 1852च्या फेब्रुवारीत त्याने 'मृत आत्मे'च्या दुसऱ्या भागाचे हस्तलिखित स्वतःच्या हाताने आगीत घातले, आणि दहाएक दिवसांत तोही गेला. मी गोगोल नव्हे. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला माटुंग्याचा एक मास्तर आहे. पण आगीला कोणाचे प्रमाणपत्र लागत नाही, आणि एका रात्री मीही ते बाड स्वयंपाकघरात नेऊन ठेवले होते. गॅस पेटवला, त्यावर चहाचे आधण ठेवले, चहा प्यालो आणि बाड परत आणले. भित्रेपणा लेखकाच्या कधी कधी उपयोगी पडतो.

त्यानंतर मी लिहिणे सोडून वाचू लागलो. आपल्या आधीच्या माणसांनी या दुखण्यावर काय केले, एवढेच मला पाहायचे होते.

आरंभ अर्थातच हरि नारायण आपट्यांपासून केला. त्यात एक स्वार्थही होता. हरिभाऊंना पदवी नव्हती. मॅट्रिक होऊन ते कॉलेजात गेले खरे. परंतु गणिताने त्यांना पुढे जाऊ दिले नाही. पुढे पुण्याच्या आनंदाश्रमाची व्यवस्था पाहत त्यांनी आयुष्य काढले. म्हणजे मराठी कादंबरीला वयात आणणारा माणूसही मॅट्रिकच. हे वाचून मला झालेला आनंद फारसा उदात्त नव्हता, पण झाला. 1890 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि 1917पर्यंत चालवले. 'पण लक्ष्यांत कोण घेतो' त्यात 1890पासून 1893पर्यंत येत होती. साप्ताहिकात क्रमशः लिहिण्याचा अर्थ आपण नीट ध्यानात घेत नाही. पहिले प्रकरण छापून लोकांच्या हाती पडले, की ते एकोणीस वेळा लिहिण्याचा प्रश्नच उरत नाही. दुसरे प्रकरण लिहायला बसावे तर पहिल्यातली चूक गावभर झालेली असते. ती आता फाडायची कोणाच्या वहीतून?

पण या घाईनेच हरिभाऊ तरले, असे म्हणणे अपुरे होईल. घाईने पुष्कळ लिहिले जाते, यमुना लिहिली जात नाही. मला त्यांची खरी युक्ती दुसरीच वाटते. त्या कादंबरीत लिहिणारे हरिभाऊ नाहीतच. लिहिते आहे यमुना. पुण्यातला सव्विशीतला संपादक आपली लेखणी एका विधवा मुलीच्या हातात देतो आणि बाजूला होतो. यमुनेला ग्रंथकार व्हायचे नाही. शैली कशाशी खातात ते तिला ठाऊक नाही. आठवण नेईल तिकडे ती जाते, एकाच गोष्टीवर रेंगाळते, पुन्हा मूळ धागा धरते. या पाल्हाळाबद्दल टीकाकारांनी हरिभाऊंना पुष्कळ ऐकवले आहे, आणि ते वावगे नाही. आज ती कादंबरी वाचताना मीही पाने उलटली आहेत. परंतु यमुनेला अडवणारा परीक्षक तिच्या खोलीत नव्हता, म्हणून ती बोलत राहिली. ती बोलत होती तिचे दुःख ऐकून घेईल अशा कोणापाशी तरी. नावातच नाही का ते?

आणि तरीही हरिभाऊंचे सगळेच पुरे झाले असे नाही. 'कालकूट' अपूर्ण. 'कर्मयोग' 1913पासून 1917पर्यंत चालली आणि अपूर्णच राहिली. 'करमणूक' थांबले, 1919च्या मार्चमध्ये हरिभाऊ गेले. वाङ्मयाच्या इतिहासांत या अपूर्ण कादंबऱ्यांना कंसातला एक शब्द मिळतो आणि इतिहासकार पुढे जातो. मी त्या कंसापाशी बराच वेळ थांबलो. तिथे मला बरे वाटले.

साने गुरुजींचे उदाहरण देताना मास्तर मंडळी नेहमी गहिवरतात; मी तो मोह टाळतो. गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात 1933च्या फेब्रुवारीत, 9 तारखेच्या गुरुवारपासून 13 तारखेच्या सोमवारच्या पहाटेपर्यंत, अशी पाच दिवसांत लिहिली हे सर्वांना माहीत असते. पाच दिवस ऐकले की माझ्यासारख्याची छाती दडपते. पण त्या पाच दिवसांच्या मागे अमळनेरच्या शाळेतली सहा वर्षे होती, 1924 ते 1930. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी गुरुजी 'छात्रालय दैनिक' म्हणून एक हस्तलिखित पत्र काढीत. रोज. मुले ओळखीची, त्यांची आजारपणे, भांडणे, घरची पत्रे ओळखीची. उद्या सकाळी हे कोण वाचणार आहे, त्याचा चेहरा लिहितानाच दिसत असे. तुरुंगात हात चालला तो या सवयीने. पुस्तकाची रचनाही पाहा: प्रकरणे नाहीत, बेचाळीस रात्री आहेत, आणि प्रत्येक रात्री श्यामसमोर आश्रमातले मित्र बसलेले आहेत.

मात्र एक गोष्ट गाळून हे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्वतःला दोष देण्याचा गुरुजींचा स्वभाव लिहिण्यापुरता नव्हता, तो जगण्यात मुरलेला होता. आणि 11 जून 1950 रोजी त्यांनी आपले जीवन आपणच संपवले. ऐकणाऱ्या मुलांनी पुस्तक तारले. माणसाला तारायला तेवढे पुरे पडले नाही. लेखकाच्या निराशेवर गंमतीने लिहिताना — आणि मी आतापर्यंत गंमतीनेच लिहीत आलो — हे मनाच्या एका कोपऱ्यात असू द्यावे.

हे सगळे वाचून झाले आणि मग मला माझ्या घराजवळचे आठवले.

माटुंगा म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे किंग्ज सर्कल येते, उडुप्यांची हॉटेले, फुलांचे गजरे, पाच बागा, रुइया कॉलेजच्या पायऱ्या. ते माटुंगा खरेच आहे. पण मध्य रेल्वेचे रूळ ओलांडून पश्चिमेला गेले की रेल्वेचा कारखाना लागतो, आणि पुढे धारावीला लागून लेबर कॅम्प. माझ्या वर्गातला तो वही फाडणारा मुलगा तिथलाच. मराठी कथेच्या इतिहासात या वस्तीला किंग्ज सर्कलपेक्षा मोठी जागा आहे, आणि ती मला शाळेत कोणी शिकवली नव्हती. आम्ही मास्तर अजूनही ती फारशी शिकवत नाही.

अण्णाभाऊ साठे तरुणपणी या कॅम्पात वावरले. वाटेगावचा, 1920 सालचा जन्म. मांग समाजातला मुलगा. शाळेची ओळख जेमतेम दिवस-दीड दिवसाची. वडिलांबरोबर पायी मुंबईला आला आणि, चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे, दुकानांच्या पाट्या वाचता वाचता अक्षरे शिकला. लेबर कॅम्पात तेव्हा मजूर चळवळीचे वारे होते. महाडच्या 1927च्या सत्याग्रहाच्या तयारीत पुढे असलेले आणि नंतर कम्युनिस्ट झालेले आर. बी. मोरे यांच्यासारखी माणसे तिथे तरुणांना जमवीत. त्या दिवसांत अण्णाभाऊंनी गाणे रचले ते कशावर? कॅम्पातल्या डासांवर.

मी या डासांपाशी अडकलो आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. त्या जागी मी असतो तर काय केले असते? मी प्रथम विचारले असते, की डास हा काव्याचा विषय होतो काय. मग पूर्वी कोणी डासांवर लिहिले आहे का ते शोधले असते. मग डासाला कशाचे तरी प्रतीक केले असते. आणि मग पान फाडले असते. अण्णाभाऊंपुढे जे लोक बसले होते त्यांना त्या क्षणी डास चावत होते. मला तो देखावा दिसतो: गाणारा गातो आहे, आणि ऐकणारे हसता हसता स्वतःच्याच दंडावर चापट्या मारताहेत. गाणे बरे आहे की वाईट, याचा निकाल तिथल्या तिथे लागत होता. परंतु गाणे करण्याचा आपल्याला अधिकार आहे की नाही, हा प्रश्न तिथे कोणी विचारीत नव्हते. या दोन प्रश्नांची गल्लत करण्यात माझी चार वर्षे गेली.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. 1944 साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक. मग पोवाडे, वग, कथा, आणि पस्तीसच्या घरात कादंबऱ्या. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत बसून हे लिहिले गेले. 'फकिरा' 1959 साली आली आणि तिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. त्या साऱ्याच कादंबऱ्या 'फकिरा'च्या तोलाच्या नाहीत. काही पोटासाठी भराभर लिहिल्या असाव्यात असे वाचताना जाणवते, आणि हे बोलल्याने अण्णाभाऊंचा अवमान होतो असे मला वाटत नाही. पस्तीस लिहिणाऱ्याच्या हातून 'फकिरा' होते. एकच प्रकरण एकोणीस वेळा लिहिणाऱ्याच्या हातून काय होते, ते कपाटात बांधलेले आहे. अण्णाभाऊंचे शेवटचे दिवस फार हलाखीत गेले. 18 जुलै 1969 रोजी ते गेले तेव्हा पन्नाशीलाही पोचले नव्हते. त्यांच्याजवळ निराशेला कारणे माझ्यापेक्षा कितीतरी खरी होती.

बाबूराव बागुलांची गोष्ट वेगळी, आणि मला अधिक अवघड वाटणारी. त्यांचा जन्म 1930चा, नाशिकजवळच्या विहितगावचा. पण लहानपण याच लेबर कॅम्पात गेले. तेही मॅट्रिक. (मॅट्रिकांची मोजदाद मी आता थांबवतो.) 1963 साली 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह निघाला. शीर्षकाच्या कथेतला नायक परक्या गावी, रेल्वेच्या नोकरीवर, भाड्याची खोली मिळावी म्हणून आपली जात सांगत नाही. ते उघडकीला येते तेव्हा त्याला मार बसतो. कथा मूळ बागुलांच्या स्वतःच्या अनुभवातून आलेली.

आता या लेखकाच्या समोर कोण बसले होते? अण्णाभाऊंच्या डासांना हसणारे शेजारी नव्हेत. ज्याच्यापासून लपावे लागले, तोच वाचक म्हणून समोर. आपण ज्याला 'आतला टीकाकार' म्हणतो तो नेहमी आपलाच असतो असे मी समजत होतो. बागुल वाचल्यावर ती समजूत डळमळली. हा आत बसलेला माणूस पुष्कळदा बाहेरून आणून बसवलेला असतो. "तुमच्या बोलण्याला भाषा म्हणत नाहीत, तुमच्या जगण्याला विषय म्हणत नाहीत," असे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले, त्याने स्वतःचे पान फाडले तर त्याला आत्मपरीक्षण म्हणायचे काय? बागुलांनी ते पान फाडले नाही. त्यांची भाषा काहींना भडक वाटली. पहिल्या वाचनात मलाही वाटली होती. नंतर ध्यानात आले, की ती शांत करायची म्हणजे पुन्हा एकदा जात चोरायची.

माझे दुखणे त्यांच्या शेजारी फार लहान आहे, हे मला कळते. एका चिठ्ठीतली एक ओळ आणि पदवी नसल्याची जुनी सल, बस्स. तरी लहान दुखणेही ज्याचे त्याला पुरते.

त्या मुलाला मी परवा सांगितले, की निबंध मला लिहू नकोस, शेजारी बसतो त्याला लिही. आणि विषय डासांचा घे. लेबर कॅम्पातल्या मुलाला त्यासाठी ग्रंथालयात जावे लागत नाही. त्याने दीड पान लिहिले. ऱ्हस्वदीर्घाच्या एकवीस चुका होत्या. शेजारच्याने वाचून दोनदा मोठ्याने हसून वर्गाची शांतता भंग केली. पान फाडले गेले नाही. पट्टी मात्र त्याने हाताशी ठेवली होती.

आणि मी धोतराची गाठ सोडली. आमच्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांचे यजमान गिरणीत होते, संपानंतर पुन्हा आत गेले नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी काकू वाल सोलत बसल्या होत्या, तेव्हा मी विचारले, "काकू, एक वाचून दाखवू का?" त्या म्हणाल्या, "वाचा की मास्तर, हात काय कान अडवत नाहीत." मी एकोणिसावे लेखन घेऊन बसलो. पहाटेच्या लालबागचे वर्णन मी दोन पाने केले आहे. ते चालू असताना त्यांनी मधेच उठून कुकरची शिटी पाहिली. त्या परत येईपर्यंत मी ती दोन पाने खाली ठेवली होती.

पुढे संपाच्या दुसऱ्या महिन्यात इंदू मुलाला तूपभात भरवते, तिथे त्यांनी मला थांबवले. "दुसऱ्या महिन्यात तूप? कुठल्या गिरणीत होता हो तिचा नवरा?" मी तूप खोडले. चिठ्ठीतल्या त्या ओळीने मला चार वर्षांत जे सांगितले नव्हते ते हे होते. मग इंदू पितळेची घागर विकायला निघते. मी तिला लालबागच्याच बाजारात नेले होते. काकू म्हणाल्या, "लालबागला कशाला जाईल ती? सगळी ओळखीची माणसं. लुगड्याखाली झाकून लांब जाईल. तांबाकाट्याला जाईल."

मी समासात 'तांबाकाटा' असे लिहिले.

"मग भाव काय मिळाला तिला?" काकूंनी विचारले.

मी पाने चाळली. एकोणीस लेखनांत मी भाव कुठेच लिहिला नव्हता. म्हटले, "तुम्हीच सांगा, काकू. काय मिळाला असेल?"

काकूंनी सोललेल्या वालांचे ताट उचलले, पदरावरची साले झटकली आणि त्या आत गेल्या.